नोंद घ्यावी

तीन रिक्षावाल्यांनी नकार दिला.
चौथ्याने आधी टपालकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
म्हणाला, चावतो का?
ओजस म्हणाला, नाही, आमचे बाबा चावतात.
तेवढ्या हसण्यावर आम्ही मालाडहून मार्वेला पोचलो.

होडीवाला तिकिटापाशी अडला.
याला माणसाचं फाडू का सायकलचं?
श्रीरंगने सायकलचं घेतलं.
चार मिनिटांची खाडी.
टपाल फळीवर चारी पाय रोवून उभा.
पाणी हलतंय, होडी हलतेय की आपण,
हे त्याला आणि मला शेवटपर्यंत कळलं नाही.

(नऊ वर्षांपूर्वी पोस्टाच्या लाल पेटीखाली सापडला, मुठीएवढा.
सासूबाई होत्या तेव्हा. म्हणाल्या, टपाल आलंय, घ्या आत.
परत पाठवायला पत्ता नव्हता.)

मनोरीला वलांड्यांवर बोंबील टांगलेले.
टपालच्या नाकाला एकदम इतकं वाचायला मिळालं
की तो रस्त्यातच बसला.
रेमीबाईंच्या खानावळीवर खडूने लिहिलेलं:
कुत्री चालतील. माणसांनी पाय धुवून यावे.
आमच्या सोसायटीत लिफ्टपाशी दुसरी पाटी आहे.
तिच्यामुळे नऊ वर्षं तीन मजले
आम्ही चौघंही जिन्याने चढतो,
त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून.

किनारा रिकामा होता.
म्हणजे एक उपडी होडी,
लांबवर जाळं सांधणारा एक म्हातारा
आणि सुरूच्या सावलीत गावची तीन कुत्री,
ज्यांनी एकेक डोळा उघडून आम्हाला पास केलं.

श्रीरंगने पट्ट्याची कडी काढली.
जा, म्हणाला.
टपाल गेला.
सहा फूट गेला आणि थांबला,
बरोब्बर पट्टा संपतो तिथे,
मान मागे वळवून, हिसक्याची वाट बघत.

जा ना रे, मैथिली म्हणाली.
तो डावीकडे गेला, सहा फूट.
उजवीकडे, सहा.
वाळूत नखांचं एक अर्धवर्तुळ उमटलं
आणि मध्ये आम्ही,
स्वयंपाकघरात उभे असतो तसे, खांद्याला खांदा लावून.

तेव्हा माझं माझ्याकडे लक्ष गेलं.
पर्स पोटाशी गच्च, कोपरं आत.
एवढ्या मोकळ्या वाळूत
मी कुणाला तरी जागा करून देत होते.
ओजस काहीतरी ओरडला आणि लगेच आवाज खाली घेतला,
जणू भिंतीपलीकडे खोचीकर आजोबांचा डोळा लागलाय.

कुणी काही बोललं नाही.
श्रीरंगने चपला काढल्या,
दाराबाहेर ठेवतात तशा शेजारी शेजारी ठेवल्या
आणि पळाला.
पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघ्याला पट्टा,
शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं,
ओरडत पळाला. शब्द नव्हताच त्यात.
टपालने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं:
हा आपलाच ना?
आणि ओलांडलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही.
गावची कुत्री उठली. मैथिली भिजली.
भरती आली, श्रीरंगची एक चप्पल घेऊन गेली.
मी पर्स उपड्या होडीवर ठेवली ती विसरलेच.
तासाभराने आठवली.
तिथेच होती.

रेमीबाईंनी सुरमईचं डोकं आधी टपालला दिलं,
मग आम्हाला विचारलं, भात कुणाकुणाला?

परतीच्या होडीत त्याचं तिकीट कुणी मागितलं नाही.
रात्री भांडुपला,
एका पायात चप्पल घातलेला श्रीरंग पुढे,
मागे आम्ही, तीन मजले.
दुसऱ्या वळणावर टपालने अंग झटकलं,
नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, सावकाश,
काहीही राखून न ठेवता.

सकाळी फळ्यावर सेक्रेटरींचं वळणदार अक्षर:
जिन्यात वाळू सांडणाऱ्या सभासदांनी नोंद घ्यावी.

आम्ही खाली जाऊन वाचलं, पाचही जणांनी.
नोंद घेतली.